वखार रिकामी करणे आहे

महाराजांनी सुरत दोनदा लुटली. पहिली खेप जानेवारी 1664, दुसरी ऑक्टोबर 1670. तिसरी लूट यंदाच्या श्रावणात, एका उघडीप असलेल्या रविवारी, अडाजणमधल्या आमच्या गॅरेजात झाली. फरक एवढाच, की या खेपेला मराठी माणूस आत होता आणि लुटणारे बाहेरून, चपला काढून, जय श्रीकृष्ण म्हणत येत होते.

(लूट म्हणावं की म्हणू नये, यावरून 2024 मध्ये मोठमोठ्या मंडळींची जुंपली होती. मी तो शब्द साडीच्या दुकानावर लावलेला असतो त्याच अर्थाने वापरतोय. अंगावर येऊ नये.)

सगळं सुरू झालं न्यू जर्सीच्या भाचीमुळे. तिने फोनवर सहज सांगितलं, मामा, आम्ही शनिवारी गॅरेज सेल केला. नको असलेलं घरासमोर मांडलं, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, दुपारच्या जेवणापर्यंत सगळं गेलं आणि वर तीनशे चाळीस डॉलर आले. फोन स्पीकरवर होता. मी डॉलर ऐकले, बायकोने 'सगळं गेलं' एवढंच ऐकलं. फोन ठेवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही.

आता आमच्या गॅरेजाविषयी. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्यात एक लाल गाडी उभी होती. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं गाडी बाहेर रस्त्यावर ताडपत्रीखाली असते आणि आत कुलपाखाली असतात तीन जार नसलेले मिक्सर, मिक्सर नसलेले चार जार, बाबांची बजाज स्कूटर, पाळणा, व्हीसीआर, वाळा गळून गेलेला कूलर, जळगावहून आलेल्या केळीच्या वेफर्सचे रिकामे डबे आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांची एक पिशवी. लाखाची गाडी उन्हात आणि भंगार बंदोबस्तात. चोराला जर थोडी अक्कल असेल तर तो गाडीच नेईल, पण आमचा विश्वास असा, की चोर किल्ल्यांसाठीच येणार.

गॅरेज हा शब्दच मुळात चुकीचा. आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे मेकॅनिक गाडीखालून नुसते पाय बाहेर काढून झोपलेला असतो ते. घरातल्या या खोलीला सुरतेत चारशे वर्षं जुना, खणखणीत शब्द आहे: वखार. इंग्रजांची वखार, डचांची वखार, फ्रेंचांची वखार. माल आत येतो, त्यातला थोडा कधीमधी बाहेर जातो आणि बाकीचा तिथेच राहून राज्य करायला लागतो. आणि भाचीला जे अगदी अमेरिकन वाटतं, त्याचीही नाळ बंदरालाच जोडलेली आहे. इंग्रजीत जुन्या सामानाच्या विक्रीला रमेज सेल म्हणतात. तो शब्द जहाजाच्या पोटात माल रचण्यावरून आला. कोणी न्यायला न आलेला, भिजलेला, फुटलेला माल धक्क्यावरच विकून टाकायचे. म्हणजे मूळ विद्या आपल्यासारख्या बंदरवाल्यांचीच. आपण ती विसरलो आणि भाची ती डॉलरमध्ये शिकवते.

इथे एक ऐतिहासिक इशारा मला वेळीच दिसायला हवा होता. 1664 च्या स्वारीत मुघलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, शहर चार दिवस मोकळं पडलं, वीरजी वोरासारख्या कुबेराचा वाडा धुऊन निघाला. पण जॉर्ज ऑक्झेंडनच्या माणसांनी धरून ठेवलेली इंग्रजांची वखार जशीच्या तशी राहिली. जिथे महाराजांच्या घोडदळालाही वखार रिकामी करता आली नाही, तिथे गुडघेदुखीवाल्या एका निवृत्त अकाउंटंटाची काय कथा?

पण बायकोने तारीख ठरवली होती.

सुरत आपणहून कधी आवरत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. या शहराला झाडू हातात घ्यायला आधी दणका लागतो. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेग आला, निम्मं गाव गाड्यांना लोंबकळून पळालं, आणि मग 1995 मध्ये एस. आर. राव नावाचे आयुक्त आले तेव्हा कुठे गल्ल्यांचा तळ दिसला. म्हणजे एका पिसवेने जे केलं ते पन्नास वर्षांच्या नगरसेवकांना जमलं नव्हतं. आमच्या घरापुरतं बोलायचं तर दणका दुसरा होता. ऑगस्ट 2006. उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या आसपास पोचलं आणि तापी जी अडाजणला आली ती दिवाणखान्यातच बसली. आमच्या गॅरेजच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला तरी ती वर येते, बायकोच्या डोक्याच्या वर चार बोटं.

त्या पुरानंतरचा आठवडा ज्याने पाहिला त्याला भाचीच्या गॅरेज सेलचं कौतुक वाटणार नाही. एका शहराने एकाच वेळी आपली सगळी घरं रस्त्यावर मांडली होती. सोफे, गाद्या, फ्रिज, देव्हारे, कापडाचे ताके, लग्नाचे अल्बम, सगळं चिखलाच्या एकाच रंगाचं. किंमत कशालाच नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हतं. महापालिकेचे डंपर येत होते, आणि जे शहर रुपयाचे चौदा आणे सोडत नाही ते डंपरला हात जोडून म्हणत होतं, घेऊन जा रे बाबा. आमच्या गॅरेजात तेव्हा चक्क फरशी दिसली. मी तिच्यावर खुर्ची टाकून बसलो आणि बायकोला म्हणालो, आता इथे काहीही ठेवायचं नाही. ती म्हणाली, काहीही नाही. दिवाळीला तिथे पहिलं खोकं आलं. नव्या टीव्हीचं होतं. वॉरंटीपुरतं ठेवलं होतं.

तेव्हापासून बाहेरची सुरत स्वच्छ होत गेली. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरच्या मांडीला मांडी लावून देशात पहिली आली. अवघ्या शहराचा कचरा गेला कुठे म्हणून दिल्लीहून पथकं आली, कौतुक करून गेली. कोणी शटर वर करून बघितलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

तर आवराआवर. यात नवराबायकोचं भांडण एकाच शब्दावर फिरतं: 'लागेल'. मी एकेक वस्तू हातात घेऊन 'लागेल' म्हणायचो आणि ती 'कधी?' म्हणायची. 'कधी'ला जगात कोणाकडे उत्तर नाही. ज्योतिषीसुद्धा वर्ष सांगतो, तारीख सांगत नाही. सासूबाईंचा, म्हणजे माझ्या आईचा, तांब्याचा बंब मी दोनदा आत नेला, तिने दोनदा बाहेर आणला. शेवटी पाळणा निघाला तेव्हा ती जरा थांबली. मीही संधी साधून 'कधी?' असं विचारलं. त्यानंतर दुपारचं जेवण उशिरा मिळालं.

आता खरा प्रश्न अब्रूचा. जुनं देऊन टाकणं आपल्या रक्तात आहे, विकणं नाही. मोलकरणीला द्यायचं, गावाकडच्याला द्यायचं, नाहीतर बोहारणीला घालायचं. बोहारीण ही फार मोठी सोय आहे. पाच शर्ट, दोन पँटी आणि एक साडी तिच्यापुढे टाकायची, तासभर हुज्जत घालायची आणि एक स्टीलचं पातेलं घ्यायचं. घरात दारिद्र्य आलं असं शेजारपाजारचं कोणी म्हणत नाही, कारण पैसा मध्ये आलाच नाही. तेच शर्ट पुढे धुऊन, इस्त्री करून, अहमदाबादला दिल्ली दरवाजाच्या बाजारात बसतात आणि तिथे मात्र रोखीने जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडणारा माणूस रसिक. पण तिथे फडकं अंथरून बसलेल्यांत आपला साडू दिसला, तर आपण घरी येऊन दबक्या आवाजात फोन फिरवू.

म्हणून मी पाटी इंग्रजी शब्दांत, गुजराती लिपीत रंगवून घेतली. इंग्रजीत केलं की दारिद्र्याला फॅशन म्हणतात. 'गॅरेज सेल, रविवार, सकाळी 9'.

नऊला पाच कमी असताना पहिला माणूस आला. पांढरा सदरा, दोन मोबाइल. त्याने सामानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पावलांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, छताकडे बघितलं आणि विचारलं, जंत्रीने, म्हणजे सरकारी दराने, द्यायचं की बाजारभावाने? त्याला गॅरेज विकत हवं होतं. दुसरा पोरगा पंक्चर अॅक्टिव्हा ढकलत आणून थेट दारात लावून गेला, अर्ध्या तासात येतो काका, म्हणाला. तिसऱ्या बाईंना भाड्याने चालणार होतं. एम्ब्रॉयडरीचं यंत्र टाकायचं होतं, वीज कनेक्शन थ्री फेज आहे का म्हणाल्या. साडेनऊला मी रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं आणि 'गॅरेज' पुसून 'घरवखरी' लिहायला लावलं. घरातल्या चीजवस्तूला गुजरातीत घरवखरी म्हणतात. कानाला तरी ती वखारीची चुलतबहीण वाटते.

यानंतर गिऱ्हाईक आलं. कसं आलं म्हणाल तर सकाळच्या नाश्त्याला लोचोवाल्याकडे येतं तसं.

सुरतेच्या माणसाला तुम्ही एक मिक्सर दाखवला की तो किंमत विचारत नाही. तो विचारतो, "केटला पीस?" मी म्हटलं, तीनच. तो दुखावला. माल नाही तर नुसतं सॅम्पल कशाला मांडलं, असा त्याचा चेहरा झाला. दुसऱ्याला मिक्सर आवडला, भावही पटला, पेमेंट म्हणाला दिवाळीनंतर. मी हसलो, तो हसला नाही. ज्या गावात कापडाचा ट्रकच्या ट्रक साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर मद्रासला जातो, तिथे दोनशे रुपयांच्या मिक्सरला रोख मागणं म्हणजे त्याच्या बापजाद्यांवर संशय घेणं. दिला. मग एक गृहस्थ खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या वस्तू समजावून सांगू लागले. मला वाटलं भला माणूस. अकरा वाजता कळलं, तो दलाल होता. दोन टक्के. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण सुरतेत दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागली की तिसरा मध्ये उगवतोच, हवेतल्या दमटपणाने बुरशी धरावी तसा.

आणि मी? मी विकत होतो की नाही हे मलाच नीट सांगता येत नाही. कूलरला हात लावणाऱ्याला मी म्हणालो, पंप अधूनमधून बंद पडतो हं. खुर्चीवर बसणाऱ्याला म्हणालो, जपून. इस्त्री उचलणाऱ्याला म्हणालो, झटका देत नाही, म्हणजे अलीकडे दिलेला नाही. बायको कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही विकताय की कबुलीजबाब देताय?" तीस वर्षं डाइंग मिलमध्ये दुसऱ्याचे हिशेब लिहिलेल्या माणसाला स्वतःची किंमत सांगताना घाम फुटतो. मी 'दोनशे' म्हणायचो आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत 'दीडशे द्या' म्हणायचो. एकाशी तर मीच घासाघीस करून नव्वदवर आलो. तो बिचारा सव्वाशे हातात धरून उभा होता.

सुरतेतला सगळ्यात यशस्वी जुन्या वस्तूंचा सेल कोणता, याची आठवण मला दलालाने करून दिली. फेब्रुवारी 2015. पंतप्रधानांचा तो सूट, ज्याच्या उभ्या रेघा म्हणजे बारीक अक्षरात विणलेलं त्यांचंच नाव होतं. जानेवारीत ओबामांच्या भेटीत घातला, फेब्रुवारीत सुरतेला लिलावात आला, तीन दिवस बोली चालली आणि हिरेव्यापारी लालजीभाई पटेलांनी तो 4,31,31,311 रुपयांना घेतला. पैसे गंगा साफ करायला गेले. गिनीज बुकात नोंद झाली. दलाल म्हणाला, बघा काका, जुना कपडा, पण नाव होतं. मी मुकाट्याने आतून माझा लग्नातला सूट आणला. तोही रेघांचा, तोही एकदाच घातलेला, त्याच्यावरही नाव आहे. फक्त ते जळगावच्या शिंप्याचं आणि आतल्या बाजूला. दलालाने अस्तर चाचपून पाहिलं आणि तो प्रेमाने परत माझ्या हातात दिला. दोन टक्क्यांसाठीसुद्धा काही गोष्टी माणूस करत नाही.

समोरच्या बंगल्यातल्या भाभी आल्या त्या साडेअकराला, खास बघायला. आमच्या सोफ्याकडे बघून त्यांनी नाक असं मुरडलं, की मी सोफ्याच्या वतीने ओशाळलो. जुनुं छे ने? म्हणाल्या. आम्ही बाई दुसऱ्याचं वापरलेलं घरात घेत नाही. आता यांच्या दिवाणखान्यात जो सोफा आहे तो अलंगचा. अलंग म्हणजे भावनगरकडचा तो किनारा, जिथे 1983 पासून जगभरची म्हातारी जहाजं मोडायला येतात. जहाजाचा पत्रा भट्टीत जातो आणि पोटातलं सगळं, पलंग, गाद्या, कपबशा, आरसे, लाइफ जॅकेटं, रस्त्याच्या दुतर्फा दुकानांत येऊन बसतं. 2020 मध्ये हजिरा ते घोघा फेरीबोट सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीची निम्मी घरं तिकडून सजली. ज्या गादीवर अनोळखी खलाशी वीस वर्षं घोरले ती यांना चालते, कारण ती फॉरेनच्या शिपची. आमच्या सोफ्यावर बसलेले मामा, मावशा, धुळ्याचे व्याही त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेत, तिथेच सगळं बिघडतं. जुन्याला किंमत येते ती अनोळखी माणसाने वापरलं तर, नाहीतर पंतप्रधानाने.

पण सोफा शेवटी गेला. कसा, ते सांगायचं तर आधी शालूचं सांगावं लागेल.

बाराच्या सुमाराला जुनी जरी घेणारा आला. या गावात हा धंदा जुना. खऱ्या जरीत चांदीची तार असते. साडी विरली, फाटली तरी जरी जाळली की चांदी हातात राहते. सुरत काहीच वाया जाऊ देत नाही. सराफकट्ट्याच्या गटारातली धूळ धुऊन सोनं काढणारे आपल्याकडचे झारेकरी, त्यांचे भाऊबंद इथेही आहेत; आणि 2023 मध्ये वराछाच्या रस्त्यावर हिरे सांडल्याची आवई उठली तेव्हा भरल्या बाजारात लोक गुडघ्यांवर बसून धूळ निवडत होते. निघाले ते नकली खडे. असो. बायकोने त्याला आपला लग्नातला शालू दाखवला. विकायला नाही, नुसता दाखवायला. माझ्या बाबांनी तो खास सुरतेहून आणला होता, खरी जरी म्हणून, आणि त्याच एका आधारावर आमच्या घराण्याने तिच्या माहेरापुढे चाळीस वर्षं मान ताठ ठेवली होती. माणसाने पदराचा एक धागा मागितला. काडी ओढली. धागा जळला नाही. आकसला, काळा मणी झाला आणि प्लास्टिकचा वास आला.

ती काही बोलली नाही. शालूची घडी पुन्हा जुन्या वळीवर घातली, आत नेऊन ठेवला. बाहेर आली ती मार्कर पेन घेऊन. सोफ्यावरची 'रु. 800' ही चिठ्ठी काढली आणि नवी लावली: 'अलंग. रु. 1,400'. मग बाकीच्या बऱ्याच वस्तूंवरही तेच.

मी म्हटलं, अगं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "तुमच्या बाबांनी मला जे सांगितलं तेवढंच." यावर उत्तर नव्हतं. तरी माझ्यातला अकाउंटंट गप्प बसेना. तिची पाठ वळल्यावर मी प्रत्येक 'अलंग'पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह घातलं. अलंग? व्हीसीआर, अलंग? पाटा-वरवंटा, अलंग? मला वाटलं, आता कोणीतरी हटकेल. कोणी हटकलं नाही. उलट प्रश्नचिन्हाने मालाची पत वाढली. दलालाने लोकांना दबक्या आवाजात सांगितलं, की मालकाला उघड बोलायला परवानगी नाही. समोरच्या भाभींच्या यजमानांनी सोफा अकराशेला घेतला आणि वर विचारलं, कोणत्या देशाची बोट? बायको म्हणाली, ग्रीस. तिला ग्रीस कुठे आहे हे माहीत नाही, पण मी इतक्या वर्षांत तिला एवढ्या ठामपणे बोलताना ऐकलेलं नाही. पाटा-वरवंटासुद्धा गेला. ग्रीक खलाशी कसली चटणी वाटत असतील याचा विचार कोणी केला नाही.

बंब मात्र खऱ्या नावावर गेला. एक इंटिरियरवाली मुलगी आली, हॉटेल सजवायचं होतं. तिला वाटलं ही कसली तरी तोफ आहे. मी समजावलं: मध्ये विस्तव, भोवती पाणी, खाली राख. थंडीत पहाटे आई पेटवायची, आम्ही तिघं भावंडं धुराने डोळे चोळत रांगेत. मुलगी फार लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, किती क्यूट, मी यात मनी प्लांट लावणार. पंधराशे दिले, रोख. दिवसभरातला सगळ्यात मोठा व्यवहार, आणि त्यात एकही खोटं नव्हतं, आणि त्यानंतर मला तासभर कोणाशी बोलावंसं वाटलं नाही.

स्कूटर राहिली. गिऱ्हाईक तीन आले, पण गाडी अजून बाबांच्या नावावर. फॉर्म 29, फॉर्म 30, त्याआधी वारसाचे कागद. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आरटीओच्या लेखी ते अजून बजाज चालवतात.

संध्याकाळी हिशेब केला. सवय आहे. जमा रु. 4,310. म्हणजे सुटाच्या बोलीतले पहिले तीन आकडे जुळले, पुढचे पाच राहिले. त्यातले 1,150 दिवाळीनंतर. दलाली 86. पाटी रंगवणं, पुसणं, पुन्हा रंगवणं 350. मदतीला आलेल्या, बघायला आलेल्या आणि नुसत्याच आलेल्या मंडळींचा लोचो-चहा 640. हातात राहिले 2,084. इथवर ठीक. पण दुपारनंतर आमची गर्दी बघून डावीकडच्या शेजाऱ्यांनीही आपलं सामान आमच्या फुटपाथवर मांडलं होतं आणि त्यात एक व्यायामाची सायकल होती. पायडल मारलं की किती कॅलरी जळल्या ते दिसतं. अडीच हजार. 'लागेल', बायको म्हणाली. 'कधी?' विचारायची माझी हिंमत झाली नाही. निव्वळ तूट रु. 416. भाचीला आम्ही फक्त 'सगळं गेलं' एवढंच कळवलं.

तरी फरशी दिसली. एक स्कूटर आणि एक सायकल सोडली तर लख्ख फरशी, 2006 नंतर पहिल्यांदा. रात्री मी तिथे खुर्ची टाकून बसलो. मोटारीची किल्ली खिशात होती. उद्या गाडी आत घ्यायची.

सकाळी सातला उजवीकडचे शेजारी आले. रिंग रोडच्या मार्केटात त्यांची साड्यांची पेढी आहे. सज्जन माणूस, पुरात त्यांच्या गच्चीवर आम्ही तीन दिवस जेवलो होतो. म्हणाले, काका, गॅरेज रिकामं दिसतंय. पार्टीने माल परत पाठवलाय, गोदामात जागा नाही. चाळीस गठ्ठे, बे दिवस माटे.

आज सातवा आठवडा. गठ्ठे चाळीसचे सत्तर झाले. पंधरा दिवसांपूर्वी मधे एक टेबल आलं, मग टेबलावर वही आली, वहीमागे मुनीम आला. माझी सायकल आणि बाबांची स्कूटर त्याने नीट एका कोपऱ्यात, साड्यांच्या रिकाम्या खोक्यांखाली, ठेवली आहे. 1613 मध्ये जहांगीरच्या परवानगीने इंग्रजांनी सुरतेत वखार घातली तेव्हा त्यांनाही थोडा माल ठेवायला जागाच हवी होती, असं मी त्याला परवा सांगितलं. त्याने मान डोलावली, चहा मागवला आणि म्हणाला, काका, तुम्ही केव्हाही आत या, फक्त येण्याआधी एक फोन करत जा. उद्या कुलूप बदलतोय.